भुताला भेटायला गेलो, तेव्हा...

आमच्या होस्टेलवर रात्री लाईट गेली की दोनच गोष्टी होतात. आधी सगळे विंगमधून बाहेर येऊन मनसोक्त ओरडून घेतात, आणि घसा बसला की कोणीतरी भुताची गोष्ट काढतं. त्या रात्रीही तेच झालं. सबमिशन नुकतंच संपलं होतं, जर्नलवर शेवटची सही झाली होती, व्हायवाला अजून आठवडा होता. म्हणजे इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला वर्षातून दोनदाच मिळणारी ती सोन्यासारखी रात्र. आणि लाईट गेली!

"वसईच्या किल्ल्यात भूत आहे," मामाने सुरुवात केली. मामा म्हणजे मेकॅनिकलचा, मूळचा नाशिकचा, डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेला. वयाने मोठा म्हणून सगळ्यांचा मामा. "तिथल्या पडक्या चर्चमध्ये जमीनभर कबरी आहेत. चारशे-चारशे वर्षं जुन्या. रात्री सैनिकांच्या आरोळ्या ऐकू येतात. एक लहान मुलगी दिसते, रडते. आणि टॉवरमधली घंटा वाजते. आपोआप!"

यवतमाळचा बाप्पू काही न बोलता माझ्या कॉटवर सरकला.

"काय रे पाद्री, खरं का?" मी विचारलं. पाद्री हा आमचा चौथा रूममेट. वसईचा, कॅथलिक, आणि अख्ख्या होस्टेलात शिवी न देणारा एकमेव प्राणी. त्याचं खरं नाव आता फक्त हॉल तिकिटावर उरलंय.

"आरोळ्यांचं माहीत नाही," पाद्री म्हणाला. "मुलीचं मीही लहानपणापासून ऐकतोय. पण घंटा वाजत नाही, हे नक्की."

"ते तू कसं सांगतोस?"

"कारण घंटा तिथे नाहीच. ती तुझ्याच गावात आहे, मामा."

मामाचं तोंड अंधारातही बघण्यासारखं झालं असणार. नाशिकला गोदावरीच्या काठावर नारोशंकराचं देऊळ आहे. तिथली मोठी घंटा मामाने लहानपणापासून पाहिली होती. तिच्यावर १७२१ साल कोरलेलं आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या, त्यांतलीच ती एक. भीमाशंकरला आणि वाईजवळच्या मेणवलीलाही अशा पोर्तुगीज घंटा आहेत. म्हणजे ज्या घंटेच्या आवाजाने मामा रोज सकाळी उठायचा, तीच रात्री वसईत वाजते म्हणून तो आम्हाला घाबरवत होता!

सगळे हसले. पण मामा मेकॅनिकलचा. तो हार कसली मानतोय? "घंटा सोड. मुलगी आहे ना? मग चला. संध्याकाळी त्या कबरींमध्ये अर्धा तास एकट्याने उभं राहायचं. जो राहील त्याला पाच प्लेट मिसळ. आणि राहणार कोण, तर आपला रानशेतकर! जंगलचा वाघ!"

मित्रांनो, रानशेतकर म्हणजे मी.

रानशेत कुठे आहे हे तुम्हाला माहीत नसणार. डहाणू रोड स्टेशनवरून चारोटीकडे निघालं की वाटेत आमचं गाव. पुढे विवळवेढ्याचा महालक्ष्मीचा डोंगर, जिथे चैत्रात मोठी जत्रा भरते. आमचा पाडा मुख्य रस्त्यापासून आत, ओढ्याच्या पलीकडे. पहिल्या वर्षी रॅगिंगच्या भीतीने मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमच्याकडे बिबटे अंगणात येतात आणि मी रात्री एकटा रानातून फिरतो. त्या थापेचे हप्ते मी अजून फेडतोय.

खरं सांगायचं तर मला भुतांची सगळी माहिती होती, कारण मी त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त घाबरायचो. आपल्याकडे भुतांच्यासुद्धा ब्रँचेस असतात. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तर मुंजा. बाई गेली तर हडळ. कोणी खवीस, कोणी समंध, कोणी झोटिंग. प्रत्येकाचं झाड वेगळं, वेळ वेगळी, मागणं वेगळं. आजीने मला हा पूर्ण सिलॅबस दहा वर्षांचा होईपर्यंत शिकवून संपवला होता. फक्त एक टॉपिक ती कधीच घ्यायची नाही. त्याबद्दल पुढे सांगतो.

"चालेल," मी म्हणालो. अंधार असल्यामुळे माझा चेहरा कोणाला दिसला नाही.

पाद्रीने तारीख काढली २ नोव्हेंबरची. "रविवार आहे. आणि त्या दिवशी मला घरी जायचंच आहे. संध्याकाळी किल्ला झाला की तुम्ही सगळे आमच्याकडे जेवायला." कारण विचारलं तर म्हणाला, "तिथे आल्यावर कळेल."

तर अशा रीतीने भूत बघायला आमची चौकडी निघाली. दादरला गाडी बदलली, वसई रोडला उतरलो, बसने वसई गावात आणि तिथून किल्ल्यात. दुपारचे तीन वाजले होते.

किल्ला म्हटल्यावर डोंगर चढायची तयारी करून गेलेल्यांची इथे निराशा होते. वसईचा किल्ला सपाट जमिनीवर, खाडीच्या तोंडाशी आहे. सुमारे ११० एकर. किल्ला कसला, ते एक अख्खं शहर होतं. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढे दोनशे वर्षं त्यांनी इथे घरं, चर्च, मठ, बाजार, रुग्णालय असं सगळं उभारलं. आता छपरं गेली, भिंती उरल्या, आणि भिंतींना वडा-पिंपळाच्या मुळांनी धरून ठेवलंय. सिव्हिलच्या विद्यार्थ्याने एकदा तरी इथे यावं. कमानी, घुमटी छतं, घडीव दगडाचे कोपरे, चुन्याचे सांधे... स्ट्रक्चर्सच्या पुस्तकात चौकटीत काढलेली आकृती इथे डोक्यावर उभी असते. वसईचा घडीव दगड इतका नावाजलेला होता की पोर्तुगीज तो गलबतांतून गोव्याला न्यायचे.

आत शिरल्यावर वज्रेश्वरीचं देऊळ आणि चिमाजी अप्पांचा पुतळा लागतो. तिथे आम्ही सगळे थोडा वेळ थांबलो. १७३९ च्या फेब्रुवारीपासून मेपर्यंत हा वेढा चालला. शेवटी सेबास्तियन बुरुजाखाली सुरुंग उडवले तेव्हा कुठे खिंडार पडलं. मराठ्यांची हजारो माणसं इथे पडली. मामा एकदम गंभीर होऊन म्हणाला, "आरोळ्या ऐकू येत असतील तर त्यात आपल्या लोकांच्या पण असतील ना रे?"

हा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आला नव्हता. भूत म्हटलं की ते परक्याचंच असणार, असं आपण धरूनच चालतो.

सेंट जोसेफ चर्चचा उंच टॉवर बघितला. दारावरच्या शिलालेखात १६०१ साल आहे. टॉवरमध्ये अर्थातच घंटा नव्हती. मामाने खात्री करून घेतली. मग जेझुइटांचं चर्च बघितलं. ते आता गोन्सालो गार्सियाच्या नावाने ओळखलं जातं. हा गोन्सालो वसईचाच मुलगा. जपानात ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं आणि १८६२ मध्ये तो संत झाला. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत! पाद्री हे सांगताना आम्ही ज्या अभिमानाने सचिनबद्दल बोलतो त्या अभिमानाने बोलत होता.

आणि मग ते चर्च आलं. सेंट अँथनीचं, फ्रान्सिस्कन साधूंचं.

छप्पर नाही. वर उघडं आभाळ. चारी बाजूंना काळ्या पडलेल्या भिंती, आणि खाली जमीन म्हणजे कबरीच कबरी. एकाला एक लागून दगडी शिळा बसवलेल्या. काही फुटलेल्या, काही गवताखाली गेलेल्या, काहींवर ढाल, मुकुट, नक्षी आणि जुन्या वळणाची अक्षरं. तशी ढाल-मुकुटाची शिळा मी आधी पाहिली होती. आमच्या चारोटीच्या पुढे अशेरीगड आहे, तिथे वाटेत पोर्तुगीजांचं राजचिन्ह कोरलेला दगड आहे. शाळेच्या सहलीत त्याच्यावर बसून मी भाकर खाल्ली होती. ओळखीचं काही दिसलं की भीती थोडी कमी होते म्हणतात. माझी नाही झाली.

"काय लिहिलंय?" बाप्पूने हळू आवाजात विचारलं.

पाद्री उकिडवा बसला. धर्मशिक्षणाच्या वर्गाची सहल इथे आली होती तेव्हा फादरनी त्याला दोन-चार शब्द शिकवले होते. "हे बघ. 'सेपुल्तुरा', म्हणजे कबर. पुढे माणसाचं नाव. आणि शेवटी 'एर्देइरोस', म्हणजे वारसदार. अशा शिळांवर असंच असतं. ही कबर अमुक अमुक याची आणि त्याच्या वारसांची."

"म्हणजे बुकिंग?" मामा म्हणाला.

"हो. आज मी, उद्या माझी मुलं, मग नातवंडं. सगळे इथेच, असं त्यांनी धरलं होतं."

"मग?"

"मग १७३९. तह झाला, गोरे लोक आपलं सामान घेऊन जहाजात बसले आणि गेले. वारस कोणी आलेच नाहीत."

"पण तुम्ही लोक राहिलात ना?"

"आम्ही राहिलो. पण आम्ही यांचे वारस नाही रे. आमचे पूर्वज इथलेच. शेतकरी, कोळी. धर्म घेतला, गाव सोडलं नाही. भाषा मराठीच." पाद्रीने शिळेवरचं पान बाजूला केलं. "१८७६ साली गर्सन द कुन्या नावाच्या एका गोवेकर डॉक्टरने वसई-चौलवर पुस्तक लिहिलं. इथले शिलालेख त्याने त्यात उतरवून ठेवले. नाहीतर यांतली कितीतरी नावंसुद्धा राहिली नसती."

ऊन उतरलं. भिंतींच्या सावल्या शिळांवर लांब होत गेल्या. मामाने घड्याळ बघितलं. "चला, अंधार पडायच्या आत निघायचंय. रानशेतकर, तुझा अर्धा तास सुरू. आम्ही बाहेर."

आणि ते गेले.

आता तो टॉपिक सांगतो, जो आजी कधी घ्यायची नाही.

मला एक लहान बहीण होती. मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा ती सहा वर्षांची होती. श्रावणातले दिवस. मी ओढ्यावर खेकडे धरायला निघालो होतो. ती मागे लागली, "दादा, मला पण ने." मी म्हटलं, "तू नको. तुझ्यामुळे खेकडे पळतात." ती तरी आली मागे. मी तिला ओरडलो, घराकडे ढकललं. ती पावसात उभी राहून बराच वेळ रडत होती. मी वळून बघितलं नाही. दोन दिवसांनी तिला ताप भरला. ओढ्याला पाणी होतं, तिला खांद्यावर घेऊन पलीकडे न्यायला वेळ लागला. दवाखान्यात पोचली तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर मलेरिया म्हणाले.

लहान मुलांना आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. ओढ्याच्या काठावर, करंजाच्या झाडाजवळ. त्यानंतर पाड्यावरच्या बायका पोरांना सांगायला लागल्या, तिन्हीसांजेला करंजाकडे जाऊ नका, तिथे एक लहान पोर रडतं. आजीने कधी हो म्हटलं नाही, कधी नाही म्हटलं नाही. घरात कोणी तिचं नाव घेईना. मी शाळेला जाताना त्या झाडाला वळसा घालून जायचो. पुढे आश्रमशाळा, मग ज्युनिअर कॉलेज, मग इथे होस्टेल. दहा-अकरा वर्षं मी तिकडे फिरकलो नव्हतो.

भिजल्याने मलेरिया होत नाही, तो डास चावल्याने होतो. हे मला बायोलॉजीच्या पुस्तकाने शिकवलं आणि परीक्षेत त्याचे पूर्ण मार्कही मिळाले. पण मार्क मिळाले म्हणून ते पटतंच असं नाही.

तर मी त्या कबरींमध्ये उभा होतो. भूत भेटलं तर ते काय करेल, याची मला भीती नव्हती. ते काय विचारेल, याची होती.

आणि तेवढ्यात मला ऐकू आलं. बारीक, ओढलेला आवाज. भिंतीला आपटून दोन बाजूंनी येणारा. फिजिक्समध्ये शिकलो होतो की भिंत सतरा मीटरपेक्षा लांब असेल तर प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो. तो नियम मला त्या क्षणी आठवला आणि त्याचा काहीही उपयोग झाला नाही. पाय शिळेला चिकटले. बाहेरून मामा आणि बाप्पूच्या पळण्याचा आवाज मात्र स्पष्ट आला.

कमानीतून एक लहान मुलगी आत आली.

फ्रॉक, तेल लावलेल्या दोन वेण्या, हातात काठी. माझ्याकडे बघून थांबली. "तुमी बकरी बघितली का? काळी. एका कानाला पांढरा ठिपका."

माझ्या तोंडून आवाजच फुटेना.

"भूत बघायला आलात काय?" ती हसली. "सगळे तेच बघायला येतात. आमी रोज येतो इथून. काय नाय इथं." ती किल्ल्यालगतच्या किल्लाबंदरच्या कोळीवाड्यातली होती. तिने पुन्हा तोंडाला हात लावून हाक मारली. तोच तो बारीक, ओढलेला आवाज. बकरीला बोलवायचा!

मग तिने मला दटावलं. "काका, पाय काढा. माणसावर उभे राहिलात तुमी."

मी खाली बघितलं. मी एका शिळेच्या बरोब्बर मधोमध उभा होतो. ती स्वतः शिळांच्या कडेकडेने, दोन शिळांमधल्या सांध्यावर नेमका पाय देत चालत होती. "माझी आजी सांगते, माणसं झोपलीत, त्यांच्यावरनं जायचं नाय. बाजूनं जायचं." मी पाय काढला.

"येता का बकरी शोधायला?" तिने विचारलं. "दोघं असलो की लवकर गावते."

त्या एका वाक्याने माझ्या घशात काय दाटून आलं ते मला लिहिता येणार नाही. मी म्हटलं, "चल."

बकरी मागच्या भिंतीवर चढून पिंपळाची पानं खात होती. अंधार पडायच्या आत मुलगी बकरी घेऊन कोळीवाड्याकडे गेली. मी बाहेर आलो तेव्हा वडाखाली मामा आणि बाप्पू पाद्रीचा एकेक हात धरून उभे होते. पैज मी जिंकली होती. पण मिसळीचं नाव काढायला कोणाचंच मन होत नव्हतं.

पाद्रीच्या गावी पोचलो तोवर पूर्ण अंधार झाला होता. घरी न नेता त्याने आम्हाला थेट दफनभूमीत नेलं. बाप्पू म्हणाला, "अरे, अजून एक?" आणि गप्पच झाला.

अख्खी दफनभूमी उजळली होती. प्रत्येक कबरीवर मेणबत्त्या, झेंडूच्या माळा, अगरबत्त्या. म्हाताऱ्या बायका, बाप्ये, शाळेतली पोरं, सगळं गाव तिथे. कोणी प्रार्थना म्हणतंय, कोणी गप्पा मारतंय, एक लहान मुलगा आजोबांच्या कबरीच्या कठड्यावर बसून बिस्किट खातोय. २ नोव्हेंबर हा कॅथलिक लोकांचा मृतांच्या आठवणीचा दिवस. आपल्याकडे सर्वपित्रीला पान वाढतात, तसाच. आदल्या आठवड्यात घरोघरचे लोक येऊन कबरी धुतात, रंगवतात, गवत काढतात. पाद्री दर वर्षी सबमिशन संपलं की घरी का पळतो, ते आज कळलं. त्याला त्याच्या वडिलांची कबर रंगवायची असायची. दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहत होतो आणि त्याचे वडील नाहीत हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. त्यानेही माझं काही विचारलं नव्हतं.

मधोमध एक मोठा क्रूस आहे. पाद्रीच्या आईने घरच्या कबरींवर मेणबत्त्या लावल्या आणि उरलेल्या त्या क्रुसाच्या पायाशी नेऊन लावल्या. मी विचारलं, "काकू, या कोणासाठी?"

"ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी," त्या म्हणाल्या. "ज्यांची माणसं लांब गेली, विसरली, त्यांच्यासाठी." मग पिशवीतून आणखी एक मेणबत्ती काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. "तुमचं कोणी असेल तर लावा. चालतं."

मी मेणबत्ती घेतली. लावली. आणि तिथे, मामा, बाप्पू आणि पाद्रीच्या देखत, दहा-अकरा वर्षांनी पहिल्यांदा माझ्या बहिणीचं नाव घेतलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. मामा त्या रात्री लोकलमध्ये माझ्या खांद्यावर हात टाकून बसला होता, एवढं लिहितो.

सेमिस्टर संपल्यावर घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना म्हटलं, "मला करंजाकडे जायचंय." ते काही बोलले नाहीत. चप्पल घातली आणि पुढे निघाले.

मला वाटलं होतं तिथे काहीच उरलं नसेल. दहा-अकरा पावसाळे गेले होते. पण करंजाखाली ओढ्यातल्या गोल दगडांची एक छोटीशी रांग होती. नीट, हाताने लावलेली. काही दगड अगदी नवे.

"बाबा, हे कोणी लावले?"

"मीच," बाबा म्हणाले. "दर वर्षी पावसात काठ धुपतो, दगड खाली जातात. पाणी उतरलं की येतो, परत लावतो." मग थोडं थांबून म्हणाले, "तुम्ही घाबराल म्हणून बोललो नाही. तुझ्या आजीला माहीत आहे. ती पण यायची, चालता येत होतं तोवर."

म्हणजे आमच्या घरात प्रत्येकजण एकेकटा तिथे जात होता, आणि ज्याला जाता येत नव्हतं तो मी झाडाला वळसा घालत होतो. पाड्यावरच्या लोकांनी तिन्हीसांजेला करंजाखाली ज्याचं रडणं ऐकलं, ते लहान पोराचंच होतं का, हे मी बाबांना विचारलं नाही.

मी ओढ्याचा काठ बघितला. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी थेट आपटत होतं, तिथली माती सुटत होती. मित्रांनो, थर्ड इयर सिव्हिलचा विद्यार्थी याहून सोपी केस मागू शकत नाही. तीन दिवस बाबा आणि मी मिळून तिथे दगडाचं पिचिंग केलं. मोठे दगड तळाला, खाली पाया घेऊन. वर लहान. अधूनमधून आरपार जाणारा लांब दगड, म्हणजे भिंत फुगत नाही. मागचं पाणी निघून जायला फटी ठेवल्या. वसईच्या भिंती बघताना पाद्रीला मी जे लेक्चर दिलं होतं, ते सगळं तिथे हाताने केलं. सिमेंट नाही, चुना नाही. माझ्या आयुष्यातलं पहिलं बांधकाम. लांबी चार मीटर, उंची एक मीटर. एस्टिमेट शून्य रुपये.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाड्यावरची दोन-तीन पोरं लांब उभी राहून बघत होती. जवळ यायला तयार नव्हती. मी म्हटलं, "या की, दगड द्या." एक आला, मग दुसरा. पहिल्याने विचारलं, "इथं पोर रडतं ना?" मी म्हटलं, "इथं माझी बहीण आहे. तिला खेकडे धरायला यायचं होतं." तो थोडा वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, "इथं खेकडे चांगले मिळतात."

वसईच्या त्या शिळांवर वारसांसाठी जागा राखून ठेवली होती. वारस आले नाहीत, म्हणून तिथे आता भूत राहतं असं लोक म्हणतात. मला वाटतं भूत तेव्हाच तयार होतं, जेव्हा आपण माणसाचं नाव घेणं बंद करतो आणि झाडाला वळसा घालून जायला लागतो. त्या कोळीवाड्यातल्या मुलीला चारशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसांची भीती वाटत नाही, कारण ती रोज त्यांच्या शेजारून, कडेकडेने, पाय न लावता जाते. ती त्यांची वारस नाही. तरी तिला ते जमतं.

असो. नवीन सेमिस्टर सुरू झालं. मामाने मिसळ दिली, पाचऐवजी चार प्लेट, आणि पाचवीचे पैसे अजून बाकी आहेत, हे या लेखाच्या निमित्ताने जाहीर करतो. परवा रात्री परत लाईट गेली. सगळे ओरडून दमले आणि बाप्पू माझ्या कॉटवर येऊन बसला. म्हणाला, "रानशेतकर, एखादी गोष्ट सांग ना. पण भुताची नको."

मी त्यांना ओढ्यावर खेकडे कसे धरायचे ते सांगितलं. बिळात हात कसा घालायचा, नांगी कुठून पकडायची, आणि एक सहा वर्षांची मुलगी मागे मागे आली की ते कसे पळतात.